‘ह्यांची’ कॅडिलॅक दान करू का?

प्रश्न : नमस्कार. मी न्यू जर्सीत एडिसनला राहते, वय ७४. दोन वर्षांपूर्वी यजमान गेले. त्यांनी हौसेनं सेकंडहँड घेतलेली १९७६ ची कॅडिलॅक एल्डोरॅडो कन्व्हर्टिबल गॅरेजमध्ये उभी आहे. हे मेकॅनिकल इंजिनिअर, त्यामुळे सगळी कामं स्वतः करायचे. प्रत्येक पार्टची पावती फाइलला लावलेली आहे. गाडी सुरू होते, पण कागद अजून ह्यांच्याच नावावर आहेत. आता घर विकून लहान जागेत जायचं आहे, तिथे ही मावणार नाही. मुलगा सिअ‍ॅटलला असतो. तो म्हणतो, “रेडिओवर जाहिरात लागते त्या नंबरला फोन कर, फुकट उचलून नेतील, टॅक्सही वाचेल.” मंदिरात येणारे एक गृहस्थ म्हणतात, वीस हजार डॉलरची सूट कुठे गेली नाही. मला पैशाची गरज नाही. साताऱ्याकडे आमच्या गावी मुलींच्या शिक्षणासाठी काही झालं तर आवडेल. पण गाडी भंगारात गेली तर मला सहन होणार नाही. माझं घराचं कर्ज फिटलं आहे. प्रॉपर्टी टॅक्स वर्षाला अकरा हजार, राज्याचा इन्कम टॅक्स हजारभर. आयआरए या निवृत्तीच्या बचत खात्यातून दरवर्षी काढावीच लागते ती रक्कम काढते. काय करावं?

उत्तर : ताई, नमस्कार. तुम्ही टॅक्सचे आकडे लिहून पाठवलेत हे फार बरं केलंत. त्यांच्याशिवाय या प्रश्नाला उत्तर देणं म्हणजे नुसत्या गप्पा झाल्या असत्या.

आधी ते वीस हजार निकालात काढू. मंदिरातल्या गृहस्थांची माहिती २००४ पर्यंतची आहे. तेव्हा लोक गाडी एखाद्या संस्थेला द्यायचे, किमतीच्या पुस्तकात आकडा बघायचे आणि तो रिटर्नमध्ये टाकून मोकळे व्हायचे. गाडी प्रत्यक्षात चारदोनशेला गेलेली असली तरी. मग अमेरिकन संसदेनं कायदा बदलला. १ जानेवारी २००५ पासून नियम असा आहे की पाचशे डॉलरच्या वर सूट मागायची असेल, तर संस्थेनं गाडी विकून जेवढे पैसे आले तेवढीच सूट मिळते. पुस्तकातली किंमत, इन्शुरन्सची किंमत, शेजाऱ्यानं सांगितलेली किंमत, यांतलं काहीही चालत नाही. गाडी विकल्यापासून तीस दिवसांच्या आत संस्था तुम्हाला १०९८-सी नावाचा फॉर्म देते. त्यातल्या ४सी या चौकटीत जो आकडा असेल तो तुमचा.

या नियमाला अपवाद तीन. संस्थेनं गाडी न विकता स्वतःच्या कामासाठी खरोखर भरपूर वापरली, किंवा तिच्यात मोठी सुधारणा केली, किंवा एखाद्या गरजू माणसाला बाजारभावापेक्षा बऱ्याच कमी किमतीत वा फुकट दिली, तर बाजारभावाची सूट मागता येते. धुऊन-पुसून पॉलिश करणं ही मोठी सुधारणा धरत नाहीत. आणि गॅलनला जेमतेम दहा मैल जाणारी एल्डोरॅडो कामावर जाण्यासाठी कुणा गरजूला देणं म्हणजे त्याला मदत नव्हे, शिक्षाच. पहिल्या दोन अपवादांकडे नंतर येऊ, कारण त्यांत तुमच्या कामाची एक गोष्ट आहे.

रेडिओवरच्या नंबरला फोन केल्यावर काय होतं तेही सांगते. बहुतेक वेळा तो फोन संस्थेचा नसतो, मधल्या कंपनीचा असतो. टो ट्रक येतो, गाडी घाऊक लिलावाच्या यार्डात जाते. तिथे बोली लावणारे असतात सेकंडहँड डीलर आणि सुटे भाग काढून विकणारे. ते एका दिवसात ढिगानं गाड्या बघतात. तुमच्या यजमानांची फाइल तिथे कुणी उघडणार नाही, ती गाडीबरोबर पोचली तरी नशीब. जे पैसे येतील त्यातून टोइंग, लिलावाचा खर्च आणि कंपनीची फी वजा होऊन उरलेलं संस्थेला मिळतं. यात बेकायदा काही नाही. दहा वर्षं वापरून थकलेल्या कोरोलासाठी ही सोय उत्तमच आहे, मी स्वतः कितीतरी जणांना ती सुचवली आहे. पण तुमची गाडी त्या रांगेतली नाही. तुम्हाला ज्याची भीती वाटते ते भंगार याच वाटेवर सगळ्यांत जवळ आहे.

आता तुमचं गणित. २०२५ च्या नियमांनी एकट्या माणसाचं स्टँडर्ड डिडक्शन १५,७५० डॉलर, आणि पासष्टच्या वर असल्यामुळे आणखी २,०००. म्हणजे उत्पन्नातून १७,७५० ची वजावट तुम्हाला काहीही न करता मिळते. दानाची सूट हवी तर हे सोडून खर्च एकेक करून दाखवावे लागतात. तुमचे ते खर्च किती? प्रॉपर्टी टॅक्स अकरा हजार, राज्याचा टॅक्स एक हजार, झाले बारा हजार. समजा घाऊक लिलावात गाडीचे चार हजार आले. बेरीज सोळा हजार, म्हणजे १७,७५० पेक्षा कमीच. सूट शून्य. शून्य म्हणजे अक्षरशः शून्य, ताई. समजा फारच चांगली बोली लागली आणि बारा हजार आले, तर बेरीज चोवीस हजार, स्टँडर्डपेक्षा ६,२५० जास्त. तुम्ही बावीस टक्के टॅक्सच्या पट्ट्यात असाल तर टॅक्स वाचला १,३७५ डॉलर, बारा टक्क्यांच्या पट्ट्यात असाल तर साडेसातशे. २०२६ पासून स्टँडर्डचा आकडा थोडा वर गेला आहे. शिवाय उत्पन्नाच्या अर्ध्या टक्क्याएवढं पहिलं दान हिशेबातच धरत नाहीत, म्हणजे आणखी थोडी कात्री. स्टँडर्ड घेणाऱ्यांनाही एकट्यासाठी हजार डॉलरपर्यंत दानाची सूट सुरू झाली आहे, पण ती फक्त रोख दानाला. गाडीला नाही.

तेव्हा ‘टॅक्स वाचतो म्हणून गाडी दान करू’ हे वाक्य तुमच्या घरात कुणी बोललं तर त्याला वरचा परिच्छेद वाचायला द्या.

मग गाडीचं करायचं काय? माझं सरळ मत आहे: गाडी विका, नीट विका, आणि दान दुसऱ्या खिशातून करा. दुसरा खिसा कोणता ते सांगते, पण त्याआधी गाडीबद्दल दोन शब्द. नाहीतर तुम्ही एकतर फार मोठी अपेक्षा धरून बसाल किंवा पहिल्या गिऱ्हाइकाला मातीमोल देऊन टाकाल.

१९७६ ची एल्डोरॅडो कन्व्हर्टिबल त्या वर्षी ‘शेवटची अमेरिकन कन्व्हर्टिबल’ म्हणून गाजली. गाडी उलटली तर छताचं काय, यावर सरकारचे कडक नियम येणार अशी हवा होती आणि एकेका कंपनीनं उघड्या टपाच्या गाड्या बंद केल्या होत्या. २१ एप्रिल १९७६ ला डेट्रॉइटच्या क्लार्क स्ट्रीटच्या कारखान्यातून शेवटची बाहेर पडली. शेवटच्या दोनशे तर सगळ्या पांढऱ्या, आत पांढरं लेदर, लाल-निळे पट्टे, अमेरिकेच्या दोनशेव्या वर्षाची आठवण म्हणून. लोकांना वाटलं, हे सोनं आहे. कितीतरी जणांनी घेतल्या आणि न चालवता झाकून ठेवल्या. पुढे १९८४ मॉडेलसाठी कॅडिलॅकनंच पुन्हा कन्व्हर्टिबल एल्डोरॅडो काढली, तेव्हा काही मालक चिडून कोर्टात गेले! १९७६ या एका वर्षात १४,००० बनल्या आणि त्यांतल्या बऱ्याच जपून ठेवलेल्या, त्यामुळे ही गाडी दुर्मीळ नाही. जवळजवळ एकोणीस फूट लांबी आणि ८.२ लिटरचं इंजिन असूनही. तुमची त्या दोनशेपैकी असेल तर गोष्ट वेगळी, पण तसं असतं तर तुमच्या यजमानांनी ते तुम्हाला, मुलाला, पोस्टमनला आणि सगळ्या मंडळाला सांगितलं असतं.

थोडक्यात, म्युझियमला फोन करण्यात दिवस घालवू नका. त्यांच्याकडे असली गाडी असते, नाहीतर जागा नसते. तरीही हिला आजही गिऱ्हाईक आहे, आणि त्या गिऱ्हाइकाला हवं असतं तेच तुमच्याकडे आहे: एकाच मालकाच्या हातची पावत्यांची फाइल.

या गाड्यांचं एक ठरलेलं दुखणं आहे. मागे जाऊन बघा. बंपर आणि चाकावरच्या पत्र्याच्या टोकामध्ये जे रंगवलेले प्लॅस्टिकचे तुकडे असतात, त्यांना फिलर म्हणतात. पन्नास वर्षांत ते पापडासारखे होतात, बोट लावलं की तुटतात. तुमच्याकडचे तुटलेले असतील तर घाबरू नका, जाणकार गिऱ्हाईक ते धरूनच चालतं. जुने नसून नवे फायबरग्लासचे बसवलेले असतील तर त्याची पावती फाइलमध्ये असेल, ती वर काढून ठेवा. दुसरं, टप. तो उघडून बंद होतो का ते विकण्याआधी बघायचंच, पण जोर लावायचा नाही आणि एकटीनं तर मुळीच नाही. त्याच्या आतल्या कैच्या अडल्या की दुरुस्ती महाग पडते. रंग काढू नका, सीट बदलू नका. बॅटरी नवी, पेट्रोल ताजं, टायरमध्ये हवा, एवढं पुरे.

किंमत ठरवायला जुन्या गाड्यांची किंमत करणाऱ्या एखाद्या अप्रेझरला बोलावा. डीलरला नको, तो स्वतःच गिऱ्हाईक असतो. जुन्या गाड्यांच्या किमतींच्या याद्यांमध्ये अवस्थेला एक ते चार नंबर देतात. एक म्हणजे प्रदर्शनात मांडण्यासारखी, चार म्हणजे चालते पण थकलेली. मालकाच्या कुटुंबाला आपली गाडी नेहमी दोन नंबरची वाटते आणि ती बहुधा तीन नंबरची असते. विकायला कॅडिलॅक अँड लासाल क्लबच्या मंडळींपासून सुरुवात करा. नाहीतर हेमिंग्ज किंवा ब्रिंग अ ट्रेलरसारख्या ठिकाणी ऑनलाइन, किमान किंमत बांधून. ऑक्टोबरमध्ये पेनसिल्वेनियात हर्शीला जुन्या गाड्यांचा मोठा मेळावा भरतो, तिथे विक्रीच्या गाड्यांसाठी वेगळं मैदान असतं. तुमच्यापासून अडीच-तीन तासांवर आहे. एक सावधगिरी: ठरल्यापेक्षा जास्त रकमेचा चेक पाठवून ‘वरचे पैसे टोवाल्याला द्या’ म्हणणारा भेटला तर फोन ठेवून द्या. पैसे तुमच्या खात्यात वायरनं आल्याची बँकेनं खात्री दिल्याशिवाय टायटलवर, म्हणजे गाडीच्या मालकीच्या कागदावर, सही नाही.

विकून नफा झाला म्हणून मोठा टॅक्स बसेल का? बहुतेक नाही. गाडी यजमानांच्या एकट्याच्या नावावर होती, त्यामुळे तुमच्यासाठी तिची मूळ किंमत धरतात ती त्यांच्या निधनाच्या दिवशीच्या बाजारभावानं, त्यांनी तेव्हा दिली त्या किमतीनं नव्हे. दोन वर्षांत असा काय फरक पडला असेल? अप्रेझरकडून त्या तारखेची किंमतही लिहून घ्या.

आता दुसरा खिसा. तुम्ही आयआरएतून दरवर्षी काढावीच लागणारी रक्कम, म्हणजे आरएमडी, काढता. ती तुमच्या उत्पन्नात मिळवली जाते आणि तिच्यावर टॅक्स बसतो. पण वय साडेसत्तरच्या वर असेल तर आयआरएतले पैसे थेट संस्थेला पाठवता येतात. याला क्यूसीडी म्हणतात. ते पैसे उत्पन्नात धरलेच जात नाहीत, आरएमडीमध्ये मात्र मोजले जातात. स्टँडर्ड घ्या, नका घेऊ, काही फरक पडत नाही. मर्यादा वर्षाला लाख डॉलरच्या वर आहे, म्हणजे तुम्हाला ती आड येणार नाही.

समजा गाडी चौदा हजारांना गेली. ते चौदा हजार तुम्ही बँकेत ठेवा, आणि आयआरएतून चौदा हजार थेट संस्थेला पाठवा. संस्थेला पूर्ण रक्कम मिळाली, मधला कुणी नाही. तुमच्या उत्पन्नातून चौदा हजार वगळले गेले. बारा टक्क्यांनी १,६८० आणि बावीस टक्क्यांनी ३,०८० डॉलर टॅक्स वाचला. उत्पन्न कमी दिसल्यामुळे मेडिकेअरचा, म्हणजे सरकारी आरोग्यविम्याचा, हप्ता वरच्या पायरीवर जायचाही वाचू शकतो. गाडी टोवाल्याच्या हवाली करून जे मिळालं असतं त्याच्याशी हे ताडून बघा. अट एवढीच की चेक आयआरए कंपनीकडून संस्थेच्या नावानं निघायला हवा. आधी तुमच्या खात्यात आला की खेळ संपला. वर्षाच्या आरएमडीतून हा भाग आधी काढा, उरलेले नंतर स्वतःसाठी. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका. आणि रिटर्न भरणाऱ्याला तोंडानं सांगा, कागदावरून त्याला कळेलच असं नाही.

साताऱ्याच्या मुलींचं म्हणाल तर तिथे थेट पैसे पाठवण्याआधी थांबा. भारतातल्या ट्रस्टला दिलेलं दान इथल्या रिटर्नमध्ये चालत नाही आणि क्यूसीडीही तिकडे जात नाही, संस्था इथे ५०१(सी)(३), म्हणजे करमुक्त धर्मादाय संस्था, म्हणून नोंदलेली हवी. आयआरएस या इथल्या आयकर खात्याच्या वेबसाइटवर नाव टाकून ते तपासता येतं. शिवाय तुम्ही अमेरिकन नागरिक झाला असाल तर तुमचे डॉलर भारताच्या दृष्टीनं परदेशी देणगी ठरतात. ती घेणाऱ्या संस्थेकडे एफसीआरए या भारतातल्या परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची नोंदणी लागते. गावातल्या शाळेकडे ती असण्याचा संभव कमीच. हेडमास्तरांच्या किंवा चुलत दिराच्या खात्यात पैसे टाकून ‘तुम्ही बघा’ म्हणणं तर अजिबात नको. त्यात त्यांचीच अडचण होईल. त्यापेक्षा इथल्या नोंदणीकृत संस्थांमधून जा. न्यू जर्सीतल्याच महाराष्ट्र फाउंडेशनला विचारा. महाराष्ट्रातल्या संस्थांना इथून मदत पोचवणं हे त्यांचं १९७८ पासूनचं काम. मुलींचं शिक्षण आणि सातारा जिल्हा, दोन्ही सांगून बघा. अमुक एका शाळेचं नाव धरून बसलात तर ते जमेलच असं नाही, जिल्ह्यावर समाधान मानावं लागेल.

आता तो मघाचा अपवाद, संस्थेनं गाडी न विकता स्वतःच वापरण्याचा. तुमच्या पत्रात मला सगळ्यांत महत्त्वाची ओळ वाटली ती ‘सगळी कामं स्वतः करायचे’ ही. विक्रीचा व्याप नकोच असेल आणि गाडी कुणाच्यातरी शिकण्याच्या उपयोगी पडावी असं वाटत असेल, तर कॅन्ससमध्ये मॅकफर्सन नावाचं एक छोटं कॉलेज आहे. तिथे जुन्या गाड्या पूर्ववत करण्याची चार वर्षांची पदवी मिळते. हा अभ्यासक्रम सुरू झाला तो १९७६ सालीच, एका स्थानिक उद्योजकानं आपल्या जुन्या गाड्या कॉलेजला दिल्या त्यातून. तिथल्या विद्यार्थ्यांनी बांधलेली १९५३ ची मर्सिडीज २०२३ मध्ये पेबल बीचच्या प्रदर्शनात तिच्या वर्गात दुसरी आली. जिथे जगभरातले कोट्यधीश व्यावसायिक कारागिरांकडून गाड्या करवून आणतात, तिथे. असल्या कॉलेजनं गाडी शिकवायला ठेवून घेतली आणि तसं १०९८-सी वर लिहून दिलं, तर बाजारभावाची सूट मागता येते. पाच हजारांच्या वर सूट मागायची तर पात्र अप्रेझरचं मूल्यांकन लागतं, दान देण्याच्या आधी साठ दिवसांपेक्षा जुनं नको. ८२८३ फॉर्मवर अप्रेझरची आणि कॉलेजची सही लागते. पण आधी स्पष्ट विचारा: गाडी ठेवणार की विकणार? पुष्कळ ठिकाणी दान आलेल्या गाड्या विकून त्यातून स्कॉलरशिप देतात. तेही चांगलंच, फक्त तुम्हाला आधी कळायला हवं. आणि कॅन्ससपर्यंतची वाहतूक कोण करणार, हेही विचारा.

वाट कुठलीही धरा, पहिलं काम एकच. टायटल. यजमानांच्या नावाचं टायटल नुसतं हातात घेऊन तुम्ही गाडी विकू शकत नाही आणि देऊही शकत नाही. कौंटीच्या सरोगेट ऑफिसमधून, म्हणजे वारसाहक्काचं काम बघणाऱ्या कचेरीतून, वारसाचे कागद घ्या, मृत्यूचा दाखला घ्या आणि मोटर व्हेइकल कमिशनमध्ये अपॉइंटमेंट घेऊन टायटल स्वतःच्या नावावर करा. गाडी जाईल त्या दिवशी प्लेट काढून घ्या. क्यूक्यूने सुरू होणारी हिस्टॉरिक प्लेट असली तरी ती गाडीबरोबर जात नाही, कमिशनला परत करायची. आणि इन्शुरन्स त्यानंतर बंद करायचा, आधी नव्हे. टायटलवर घेणाऱ्याचं नाव कोरं सोडून सही करायला कुणी सांगितलं, मग तो संस्थेचा माणूस का असेना, तर नाही म्हणा. उद्या त्या गाडीनं सिग्नल तोडला तर पत्र तुमच्याच घरी येईल.

फाइलबद्दल थोडं. ती आठवण म्हणून ठेवून घ्यावी असा मोह होईल. तसं करू नका. मूळ पावत्या गाडीबरोबर गेल्या तर तिला चांगलं घर मिळायची शक्यता वाढते, कारण असल्या कागदांसाठी जास्त पैसे मोजणारा माणूस गाडीचे सुटे भाग करत नाही. तुम्ही स्कॅन करून ठेवा. यजमानांच्या हस्ताक्षरातली एखादी पावती ठेवून घेतलीत तरी कुणाचं काही बिघडणार नाही.

मुलावर रागावू नका. लांबून मुलं एका फोनमध्ये सुटणारंच उत्तर सांगतात. पण पुढच्या वेळी तो घरी येईल तेव्हा त्याला काम लावा. विक्रीसाठी फोटो लागतात. चारी बाजू, इंजिन, डॅशबोर्ड, मैलांचा आकडा, टप उघडलेला आणि मिटलेला, आणि गाडीखाली सरपटत जाऊन घेतलेले बुडाचे. गंज दिसला तर तोही. गिऱ्हाईक सगळ्यांत आधी तेच फोटो मागतं.